वेंगुर्ले तालुका: गोव्याच्या सावलीतलं बंदर

धागाकर्ता: खाडीपल्याड

कोकणावरचे धागे निघतात ते मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, फार तर देवगडचा हापूस. वेंगुर्ल्याचं नाव आलंच तर 'गर्दी नसलेले किनारे' अशा यादीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. गर्दी का नाही, याचं उत्तर मात्र कोणी शोधत नाही. एके काळी इथे डचांची वखार होती, इंग्रजांच्या पलटणी इथे उतरत, बेळगाव-धारवाडकडचा कापूस इथून मुंबईला जाई. मग ते सगळं गेलं कुठे?

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उत्तरेला कर्ली नदी, तिच्या पलीकडे देवबाग म्हणजे मालवण तालुका. दक्षिणेला तेरेखोल नदी, तिच्या पलीकडे गोवा. या दोन मुखांमध्ये भोगवे, निवती, खवणे, केळूस, खुद्द वेंगुर्ले, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी अशी गावं उत्तर-दक्षिण लागत जातात. पूर्वेला कुडाळ आणि सावंतवाडी हे तालुके इतके जवळ, की किनाऱ्याकडे पाठ करून तासभर गाडी हाकली तर तालुका संपलेला असतो. जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माथे, जवळजवळ समुद्रापर्यंत येतात. दोन सड्यांच्या मधल्या खोलगट भागात भाताचे मळे, पुळणीच्या मागे माडाच्या बागा आणि उतारावर काजू.

आता यात बंदर कुठे बसतं? विजयदुर्गासारखी खोल, आडोशाची खाडी इथे नाही. वेंगुर्ल्याचं बंदर तसं उघडंच. एका टेकडीचा आडोसा तेवढा आहे. समोर समुद्रात खडकांची रांग, गलबतांना धोकाच. नुसती जागा पाहून इथे कोणी बंदर काढलं नसतं.

माझं म्हणणं असं, की वेंगुर्ल्याला महत्त्व आलं ते एकाच कारणाने: ते गोव्याला खेटून आहे आणि गोव्यात नाही. ज्याचं ज्याचं पोर्तुगीजांशी वाकडं होतं, किंवा ज्याला घाटावरचा माल पोर्तुगीजांच्या हातात न देता समुद्रापर्यंत आणायचा होता, त्याला वेंगुर्ले हवं होतं.

डच घ्या. १६३७ साली त्यांचा वकील योहान फान ट्विस्ट विजापूरच्या दरबारात गेला आणि आदिलशहाकडून वेंगुर्ल्यात वखार घालायची परवानगी मिळाली. त्याच सुमाराला डच आरमाराने गोव्याची नाकेबंदी सुरू केली होती. दरवर्षी पावसाळा संपला की त्यांची जहाजं मांडवीच्या मुखाशी येऊन उभी राहायची, पुढचा पावसाळा येईपर्यंत. एवढ्या महिन्यांसाठी पाणी, तांदूळ, मांस, लाकूड लागायचं, आजारी खलाशांना उतरवायला जागा लागायची. हे सगळं वेंगुर्ल्यातून. मिरी-मसाल्याचा व्यापार होता, पण तो दुय्यम. वखार होती ती मुख्यतः आरमाराचं कोठार म्हणून. १६४८ मध्ये फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये इथे येऊन डचांकडे राहिला. त्या काळातले युरोपीय लोक गावाला 'मिंग्रेला' म्हणत.

१६६१ साली डच-पोर्तुगीज तह झाला, १६६३ पर्यंत तो अमलात आला आणि नाकेबंदी संपली. वखार त्यानंतरही काही वर्षं चालली, पण तिचा जीव गेला होता.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. आधी इथल्या वेंगुर्लेकरांनी आणि बेळगावकरांनी तोंड उघडावं.

---

सडेकर

विषय झकास. पण बंदराबद्दल जरा जास्तच कठोर बोललात. उघडं असलं तरी कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक बोटींचा हा थांबा होता, आणि इथून पुढे पणजी. आमची आजी लग्न होऊन मुंबईला गेली ती बोटीनेच. ती सांगायची तसं सांगतो.

आगबोट धक्क्याला लागत नसे, पाण्यातच लांब उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून जायचं. पडाव बोटीच्या अंगाला लागला की लाटेबरोबर पुरुषभर वर जाणार, पुरुषभर खाली येणार. वर आला की त्या क्षणी बोटीवरचा खलाशी मनगट धरून ओढून घेणार. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. ट्रंका, फणस, कोंबड्या आधी, मग बायका-पोरं, शेवटी पुरुष. आजी म्हणायची, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ठेवायला तिला सासूने घरीच सांगितलं होतं.

आणि हे फक्त आठ-नऊ महिने. पावसाळा तोंडावर आला की बंदर बंद. मग मुंबईत कोणी वारलं तरी कळायला पत्र, आणि यायचं तर घाटावरून फिरून. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडला, दर्या शांत झाला, की पुन्हा वाहतूक सुरू.

---

टिळकवाडी

बेळगावकर हजर.

आमच्याकडे जुनी माणसं वेंगुर्ल्याला नुसतं 'बंदर' म्हणत. 'बंदराहून माल आलाय' म्हटलं की वेंगुर्ल्याहून, दुसरीकडून नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या पलटणी मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरून घाट चढून येत. आज वेंगुर्ले-सावंतवाडी-आंबोली-बेळगाव रस्ता साधारण सव्वाशे किलोमीटर भरतो.

घाट दोन. जुना रामघाट, चंदगडच्या अंगाने चढणारा, चढ भयंकर. बैलांच्या पाठीवर माल लादूनच जायचा. नंतर १८६०च्या दशकात इंग्रजांनी पारपोलीवरून आंबोलीचा गाडीरस्ता काढला. तो झाल्यावर वेंगुर्ल्याची चांदी झाली. खाली कापूस, गूळ, तंबाखू, मिरची. वर कापड, खोबरं, सुकी मासळी, मीठ.

बॅरिस्टर नाथ पै यांचंच बघा. जन्म १९२२ सालचा, वेंगुर्ल्यातला. शिक्षण आणि सार्वजनिक आयुष्याची सुरुवात बेळगावात. खासदार राजापूरचे, १९५७ पासून सलग. आणि १९७१ च्या जानेवारीत सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या सभेला म्हणून आले ते बेळगावातच वारले. वेंगुर्ले आणि बेळगाव आज दोन राज्यांत आहेत, पण त्यांच्या पिढीला ती एकाच रस्त्याची दोन टोकं होती.

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

टिळकवाडी, रामघाट काढलात ते बरं केलं. त्या घाटाने औरंगजेबाच्या मुलाला रडवलंय.

१६८३ मध्ये बंडखोर शहजादा अकबर, जो संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता, तो कंटाळून इराणला निघायच्या बेतात होता आणि जहाजात बसायला वेंगुर्ल्यात आला. दुर्गादास राठोड आणि कवी कलश यांनी समजूत काढून त्याला परत नेलं. (शेवटी तो १६८७ मध्ये राजापुराहून गेलाच.) त्याच हिवाळ्यात अकबराचा भाऊ शहाआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने तळकोकणात उतरला. १६८४च्या सुरुवातीला त्याच्या फौजेने वेंगुर्ल्याच्या आसपासचा मुलूख लुटला, जाळला. पण एवढ्या फौजेला या चिंचोळ्या पट्टीत खाणार काय? दाणागोटा संपला, साथ पसरली, उंट-घोडे-माणसं हजारोंनी मेली आणि उरलेले त्याच रामघाटाने वर गेले.

मुद्दा असा, की हा प्रदेश मोठ्या फौजेला पोसू शकत नाही. भात थोडं, ते स्वतःपुरतं. म्हणून सत्ता कोणाचीही असो, आदिलशाही, मराठे, सावंत, त्यांचं लक्ष जमिनीच्या साऱ्यापेक्षा बंदराच्या जकातीवर राहिलं. १७६६ मध्ये सावंतवाडीकरांनी इंग्रजांना द्यायच्या रकमेसाठी तारण म्हणून वेंगुर्ल्याचं उत्पन्न लावून दिलं. तारणात देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच रोख उत्पन्न होतं! १८१२ मध्ये वेंगुर्ले कायमचंच इंग्रजांकडे गेलं. सावंतवाडी संस्थान राहिलं आणि त्याचा समुद्र गेला.

---

आकडेमोड

लेख छान, पण 'गोवा गोवा' फार झालं असं वाटतं. बंदर बुडालं ते रेल्वेने, आणि रेल्वेने तर अख्ख्या कोकणातली बंदरं बुडवली. राजापूर काय, चिपळूण काय. त्यात वेंगुर्ल्याचं विशेष काय?

शिवाय गूळ गेला तो गोव्याकडे नाहीच. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ ला सुरू झाली. त्यानंतर कोल्हापूरचा व्यापारी गूळ बैलगाडीत घालून आंबोली कशाला उतरवेल? गाडीत भरला की पुणे-मुंबई.

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

गुळाचं मान्य. कापसाचं आणि बेळगावचं मात्र वेगळं आहे.

१८७८ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. त्यात मार्मागोव्याचं बंदर आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे, असं ठरलं. बेळगावला आणि लोंढ्याला रेल्वे आली १८८७ मध्ये, आणि मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंतची लाईन १८८८ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे बेळगाव-धारवाडचा माल वर्षभरात थेट मार्मागोव्याच्या धक्क्यावर. तिथे जहाज धक्क्याला लागतं, पडावांची भानगड नाही.

रेल्वेने राजापूर मारलं ते लांबून, मुंबईच्या ओढीने. वेंगुर्ल्याला मारलं ते शेजारच्या बंदराने. गोव्याचं बंदर आधीपासून चांगलंच होतं, पण दोन सरकारांचं पटत नव्हतं म्हणून वेंगुर्ल्याची गरज होती. पटलं, गरज संपली. वेंगुर्ल्याला घाट चढणारी लाईन कधी आलीच नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तीही कुडाळ आणि सावंतवाडीवरून, तालुक्याच्या बाहेरून. मुंबई-गोवा महामार्गाचंही तेच.

---

घोवाची आवस

खाडीपल्याडांनू, लय शाळा घेतलास. आमच्या लहानपणी बंदरार बोट इली काय सगळो गाव थंय. ता पुरेसा होता आमका.

बाकी आकडेमोड यांना एक सांगायचंय. माल गेला तरी बोट गेली नाही, कारण मग माणसं जायला लागली. गिरण्यांत, गोदीत, हॉटेलात, पोलिसात. घराघरातून एक तरी मुंबईला. बोटीतून जाताना माणूस आणि येताना मनिऑर्डर. तालुक्यात आज चाकरमान्यांची बंद घरं दिसतात, त्यांची सुरुवात तिथे आहे.

---

मीठभाकर

शिरोड्याबद्दल कोणीच बोललं नाही? मी बोलते.

वर 'मीठ' असं एका शब्दात उडवलंय. शिरोड्याची मिठागरं ही घाटाच्या व्यापाराची दुसरी बाजू. लमाणांचे बैल कापूस घेऊन उतरत ते रिकामे कसे चढतील? मीठ घेऊन चढत.

मिठागर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: खाडीच्या कडेला बांध घालून सपाट जागा अडवलेली असते. मोठ्या भरतीला बांधातली फळी उचलून खारं पाणी आत घ्यायचं. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत आटवत न्यायचं. शेवटचे वाफे उथळ, तळ पायाने तुडवून गच्च केलेला. तिथे पाण्यावर आधी पातळ साय धरते, मग ती खाली बसते. लांब दांड्याच्या लाकडी फळीने हळूच ओढून कडेला ढीग लावायचा. जोरात ओढलं तर खालची माती वर येते आणि मीठ काळं पडतं. हे सगळं उन्हाळ्यात, पायाला भेगा पडून त्यात मीठ जाईपर्यंत. वळवाची एक सर आली की आठवड्याची मेहनत विरघळली.

१९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले. शिरोडाच का? किनारा तर सगळीकडे आहे. पण इथे तयार मीठ, त्यावर सरकारी पहारा, असं सगळं एका जागी होतं. चिमूटभर खारी माती उचलण्यापेक्षा सरकारने राखलेल्या आगरातलं मीठ उचलणं ही कायदेभंगाची सरळ कृती झाली. लाठ्या बसल्या, धरपकड झाली.

आणि धागाकर्त्याच्या मुद्द्याला बळकटी म्हणून: तुम्ही सांगितलेल्या १८७८ च्याच तहाने गोव्यातल्या मिठावरही इंग्रजांनी ताबा मिळवला होता. म्हणजे शिरोड्याशेजारचं 'परदेशी' मीठसुद्धा त्यांच्याच मुठीत.

---

पेडणेकार

पलीकडच्या तीरावरून नमस्कार.

नकाशात एक गंमत बघा. तेरेखोल नदी ही सरहद्द म्हणता, पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे तुमच्या बाजूला आहे, आणि तो गोव्यात आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतांकडून घेतला. पेडणे महाल त्यांना मिळाला तो त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १७८८ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं तो किल्ला सावंतांच्या मुलखात घुसवलेल्या खिळ्यासारखा होता. वेंगुर्ले-रेडीच्या बंदरांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही.

१५ ऑगस्ट १९५४ ला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. किल्ला भारताच्या हद्दीला चिकटलेला, म्हणून चालत पोचता आलं. दुसऱ्या दिवशी अटका झाल्या. आमच्या गावातले म्हातारे सांगत, की १९५५ नंतर भारताने नाकेबंदी केली तेव्हा आरोंदा-किरणपाणीच्या बाजूने रात्री होड्या चालत. काय काय नेत-आणत, ते इथे लिहीत नाही.

आणि एक तक्रार. काजू आमचा आणि तुमचा एकच. आमच्याकडे बोंडूची हुर्राक आणि फेणी (दारू) होते, तुमच्याकडे बी काढून बोंडू झाडाखाली कुजवतात. नदी ओलांडली की कायदा बदलतो आणि फळाचा कचरा होतो. बघवत नाही.

---

कलमी

पेडणेकार, जखमेवर मीठ (शिरोड्याचं) चोळलंत.

काजू पोर्तुगीजांनी आणला, पण त्याची शेती म्हणून नीट घडी बसवण्यात वेंगुर्ल्याचा हात मोठा आहे. १९५७ मध्ये इथे फळ संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली आहे. 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' ही कलमं कोकणात आज कुठल्याही रोपवाटिकेत मागा. आमच्या वडिलांनी सड्यावर लावलेली जुनी झाडं बियांपासून वाढलेली. एकाचं बी शेंगदाण्याएवढं, शेजारच्याचं मोठं. कारखानदार भाव पाडून मागायचा. कलम लावल्यावर बी एकसारखं आणि टपोरं. चार जणांना विचारा, वेंगुर्ल्याने कोकणाला दिलेलं सगळ्यात टिकाऊ काय म्हणून. मी तरी डच वखारीआधी हे सांगेन. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

बोंडूचं खरंच काहीतरी व्हायला हवं. सरबत-सिरपवर किती खपणार?

---

पाकोळी

समुद्रातल्या खडकांचा वर एका ओळीत उल्लेख झाला. तेही तालुक्याच्या भूगोलातच धरा की.

निवतीसमोर दिसतात ते वेंगुर्ला रॉक्स. एका बेटावर दीपगृह आहे. त्या खडकांना लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत आणि त्यांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही साधी पाकोळी नव्हे, भारतीय स्विफ्टलेट. अंधाऱ्या गुहेत टकटक आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. घरटं बांधते ते स्वतःच्या लाळेने, त्यात थोडी पिसं. चिनी लोकांत या घरट्यांच्या सूपला सोन्याचा भाव, त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत चोरटे बांबूच्या परांच्या लावून गुहांच्या छतावरची घरटी खरवडून नेत. पिल्लांसकट. पुढे वनखातं, पक्षीमित्र आणि स्थानिक मच्छीमार यांनी मिळून पाळत ठेवली आणि ते बरंच आटोक्यात आलं.

ज्या खडकांनी गलबतं फोडली त्यांनीच ही वसाहत जपली, कारण तिकडे फुकट फिरायला कोणी जात नाही.

---

आकडेमोड

बरं, कापूस-मीठ पटलं. पण मग आजचं काय? गोव्याची नाकेबंदी नाही, पोर्तुगीज नाहीत. आता वेंगुर्ल्याचं गोव्याशी काय देणंघेणं?

---

सडेकर

विमानतळ!

चिपीचा विमानतळ परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यात. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. ज्या तालुक्याला रेल्वेचा फाटा मिळाला नाही त्याला एकदम विमान. आणि जानेवारी २०२३ मध्ये तेरेखोल ओलांडून पेडण्यात मोपाचा विमानतळ चालू झाला. दोन-तीन वर्षांत चिपीची विमानं कमी होत होत बंद पडायची वेळ आली, आणि आमच्याकडचा माणूस मुंबई-दिल्लीला मोपाहून जातो. भाडं कमी, फेऱ्या भरपूर.

हे लिहिताना मलाच हसू आलं. १८८८ ची फिल्म परत लागलीय.

---

पेडणेकार

मोपासाठी आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या हो. तुम्ही हसताय.

---

सडेकर

चूक नाही तुमचं. आमच्याही सड्यावरची गेली, आणि विमानही गेलं.

---

टिळकवाडी

लेखकांचा विषय राहिला. या एवढ्याशा तालुक्यातून किती माणसं आली! मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. चिं. त्र्यं. खानोलकरांचा जन्म तालुक्यातल्या बागलांची राई या गावचा. जयवंत दळवी आरवलीचे. वि. स. खांडेकर बाहेरचे, पण १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते.

यावर माझं साधं मत: बंदर गेल्यावर गावात उरलं ते शिक्षण. व्यापाऱ्यांनी काढलेल्या शाळा, मिशनऱ्यांचा दवाखाना. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं इथे मोठं काम होतं. त्यांच्या मिशनरी डॉक्टरांच्या घरी १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मलेला रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत.

---

घोवाची आवस

शिक्षण रवला आणि शिकलेले मुंबयक गेले. ता पण लिवा.

---

रेडीकर९

रेडीला एका ओळीत गुंडाळू नका. आमचं गाव वेंगुर्ल्यापेक्षा जुनं आहे. ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात चालुक्य मंगलेशाने 'रेवतीद्वीप' जिंकल्याचं लिहिलंय, आणि अभ्यासक ते रेडी मानतात. खाडीच्या मुखाशी यशवंतगड आहे. झाडांची मुळं तटात शिरून जांभ्याचे चिरे सुटे झालेत, पण फिरायला मस्त.

नंतर आमच्याकडे लोखंडाच्या खाणी आल्या. १९७६ मध्ये खाणीच्या जागेत द्विभुज गणपतीची भलीमोठी मूर्ती सापडली. आता रेडी म्हटलं की लोकांना तोच आठवतो. खाणीचे लाल खड्डे कोणी फोटोत घेत नाही. पावसात ते पाणी लाल होऊन मळ्यांत उतरायचं, भाताच्या मुळाशी गाळ बसायचा. खनिज जहाजात चढून गेलं, गाळ आमच्याकडे राहिला.

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

रेडीकर, धन्यवाद. ६१० च्या सुमाराचा चालुक्यांचा एक ताम्रपटही गोव्यात मिळालाय, तो रेवतीद्वीपातल्या अधिकाऱ्याचा आहे. त्याच्या हाताखाली चार विषय-मंडलं, म्हणजे प्रांत, होती म्हणे. म्हणजे त्या काळी गोवा आणि रेडी एकाच कारभारात होते आणि कारभाराचं ठाणं तुमच्या बाजूला. माझ्या सिद्धांताला हा एकच काळ उलटा जातो, आणि मला तो आवडतो.

तालुक्याचा आजचा हिशेब कोणी मागितला तर माझ्या मते मासळी, काजू, मनिऑर्डरच्या जागी आलेला गुगल पे, आणि थोडं पर्यटन. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा मुख्यालय ओरोसला गेलं, म्हणून सरकारी कचेऱ्यांची वर्दळही इथे नाही. मासळीत रापणवाले विरुद्ध पर्ससीनवाले हा झगडा मोठा आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणारी वीस-पंचवीस माणसं एकीकडे, आणि एका फेरीत अख्खा थवा उचलणारी यांत्रिक बोट दुसरीकडे. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. कोणीतरी गाबितवाडीतल्याने (मच्छीमार वस्तीतल्याने) काढावा, मी काढणं बरोबर नाही.

---

भटकी जमात

वाचून जायचं ठरवलंय. डच वखार बघता येते का? आणि स्टेशन कुठलं?

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

स्टेशन कुडाळ किंवा सावंतवाडी, पुढे एसटी. सावंतवाडी स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षा आधी ठरवा. वखार गावातच आहे, राज्य संरक्षित स्मारक आहे, पण अवस्था वाईट. छप्पर नाही, भिंतींत पिंपळ-वडाची मुळं गेलीत. बाहेरून बघा. पावसाळ्यात जवळ जाऊ नका, चिरे निखळतात. गवत वाढलं की जनावराचं (सापाचं) भय.

आरवलीला वेतोबाला नक्की जा. केळ्यांचा घड वाहतात आणि पायात घालायला भलेमोठे चामडी जोडे. देव रात्री गावाची गस्त घालतो म्हणून जोडे झिजतात, असं मानतात. मूळ मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात फणसाचं लाकूड कामाला वापरत नाहीत. आताची पंचधातूची आहे.

---

भटकी जमात

रेडीहून तेरेखोलच्या किल्ल्यावर जायला फेरीबोट लागते ना?

---

रेडीकर९

नाही. रस्त्यानेच जायचं, नदी ओलांडावी लागत नाही. किल्ला आमच्याच अंगाला आहे, वर पेडणेकारांनी सांगितलंय बघा. फेरी लागते ती तिथून पुढे केरीला उतरायचं असेल तर. आणि पेट्रोल गोव्यात भरा, स्वस्त पडतं.